तंगूस सैल पडल्यावर

मला पोहता येत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तरीही तीन हिवाळे मी दर रविवारी सासऱ्यांना घेऊन हिप्परग्याच्या तलावावर जात होतो. काठावर मी पाण्यापासून चार हात लांबच उभा राहायचो. एकाही रविवारी ते चुकलं नाही.

मी मूळचा माळशिरसकडचा. आमच्या रानाला लागून कालवा होता. आठ वर्षांचा असताना शेवाळावरून पाय घसरून मी त्यात पडलो आणि चुलत्यांनी केसांना धरून मला वर काढलं. जेमतेम अर्धं मिनिट गेलं असेल. पण त्या अर्ध्या मिनिटात कानात जे घुमलं, ते मी अजून विसरलेलो नाही. सासऱ्यांचं नेमकं उलटं. ते मंगळवेढ्याचे. कोरडं रान, ज्वारीचा मुलूख. पाणी बघायचं ते विहिरीत वाकून. पण त्याच विहिरींत उड्या मारून ते पट्टीचे पोहणारे झाले होते. मी त्यांना मामा म्हणायचो आणि ते मला जावईबापू. उभी हयात एसटी चालवली, निवृत्त झाले, सासूबाई गेल्या आणि मग माझ्या बायकोनं त्यांना सोलापूरला आमच्याकडे आणलं.

पहिले सहा महिने ते गॅलरीत खुर्ची टाकून नुसते रस्त्याकडे बघत बसायचे. मी सात रस्त्याजवळच्या ऑफिसातून संध्याकाळी घरी यायचो तेव्हाही त्याच खुर्चीत, त्याच तोंडानं. एका रविवारी त्यांना घेऊन मी तुळजापूर रस्त्यानं असाच फिरायला गेलो होतो. तलावाच्या काठावर चारपाच माणसं गळ टाकून बसलेली दिसली. मामा म्हणाले, "थांबवा की गाडी." दोन तास आम्ही त्या माणसांच्या मागं उभे होतो. घरी आल्यावर त्या दिवशी ते पहिल्यांदा भाकरी मागून जेवले. मग गळ आले, शिशाचे मणी आले, आणि मासे धरायचा तो नायलॉनचा पातळ दोरा, त्याला तंगूस म्हणतात, त्याची रिळं आली. शेंगदाण्याची पेंड आणि कणीक मळून त्यात ते बडीशेप घालायचे. बायको नाक मुरडायची, पण मनातून खूश होती.

तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधी त्यांच्या छातीत दुखायला लागलं आणि एक स्टेंट बसवावा लागला. डॉक्टरांनी सांगितलं, थंड पाणी नको, दमछाक नको. मामांनी मान डोलावली आणि डिसेंबर लागताच विचारलं, "आता जायचं न्हवं?" बायको दोन दिवस नाहीच म्हणत होती. मग एकदा मामा झोपल्यावर स्वयंपाकघरात तिनं मला गाठलं.

"बसू दे त्यांना काठावर. पण पाण्यात उतरू द्यायचं नाही. पावलं भिजतील एवढंसुद्धा नाही. तुम्ही तिथं असणार म्हणून मी पाठवते."

"मी असतोच की," मी म्हणालो.

"नुसतं असू नका. लक्ष ठेवा."

ती हे म्हणाली तेव्हा मला थोडा रागच आला होता.

जानेवारीतला तो रविवार. आम्ही सहा वाजता निघालो तेव्हा थंडी चांगलीच होती. मामांनी माकडटोपी, स्वेटर, वर माझं जुनं जॅकेट घातलं होतं. मागच्या सीटवर बसून ते माझ्या पाठीमागं वारा चुकवत होते आणि मला त्यांच्या दातांचा कडकड आवाज येत होता. "परत फिरू का मामा?" मी एकदा विचारलं. "सरळ बघून चालवा," ते म्हणाले. गाडीच्या बाबतीत त्यांचं ड्रायव्हरपण कधी सुटलं नाही.

आमची एक ठरलेली जागा होती. रस्त्यावरून आत एक गाडीवाट जायची आणि तलावाच्या एका फाट्यापाशी संपायची. पाणी भरायच्या आधी तिथं कुणाची तरी शेती असणार, कारण काठापासून एक दगडी बांध सरळ पाण्यात शिरलेला होता. थोडं अंतर तो वर दिसायचा, मग पाण्याखाली जायचा. त्याच्या पलीकडे, काठापासून बरंच आत, मेलेल्या बाभळींची काळी टोकं पाण्याबाहेर आलेली असायची. मामा म्हणायचे, मोठे मासे त्या बाभळींच्या बुडाशी राहतात. तिथं गळ गेला की अडकलाच, त्यामुळं बाकीचे लोक तिकडं फेकत नसत. मामा मात्र तिकडंच फेकायचे. त्यांच्या सत्तरीला मी त्यांना रीळ लावलेली छडी आणून दिली होती. त्या रिळावर भरपूर तंगूस होता आणि मामांचा हात लांब जायचा.

त्या दिवशी आमच्याशिवाय काठावर कुणी नव्हतं. पाण्यावर पातळ धुकं होतं, हातभर उंचीचं, वाफेसारखं. बाभळी दिसत होत्या. काठाला एक ट्रकच्या टायरची फुगवलेली ट्यूब पालथी पडलेली होती आणि तिच्या शेजारी थर्माकोलचे ठोकळे बांधून केलेला एक तराफा. तलावातले कोळी यांच्यावरच बसून जाळी लावतात. मामांनी ट्यूबला पायानं दाबून बघितलं. मला तेव्हाच तिथून ती उचलून लांब नेऊन टाकायला हवी होती.

तासभर काही लागलं नाही. मी थर्मासमधला चहा ओतत होतो तेवढ्यात रीळ किरकिरायला लागलं. मामा उभे राहिले. छडी अशी वाकली की मला वाटलं मोडणार. "कटला हाय! लई मोठा हाय!" ते ओरडले. मासा सरळ आत धावत सुटला आणि तंगूस सुटत गेला, सुटत गेला, आणि एकदम थांबला. मामांनी ओढून बघितलं, सैल सोडून बघितलं, उजवीकडं चालत जाऊन ओढून बघितलं. तंगूस बाभळीला गुंडाळला होता. पण मासा सुटला नव्हता. मामांनी माझं बोट धरून त्या ताणलेल्या तंगुसावर ठेवलं. लांब कुठंतरी, पाण्याच्या आत, काहीतरी जिवंत धडपडत होतं, आणि ते माझ्या बोटाला कळत होतं. मी बोट काढून घेतलं.

"तोडून टाका मामा. दुसरा गळ बांधू."

"तोडून कसं टाकायचं? मरंल की त्यो तितं अडकून. कुजंल." त्यांनी छडी माझ्या हातात दिली. "हे असं धरा. सैल सोडू नका."

आणि मला काही कळायच्या आत त्यांनी जॅकेट काढलं, स्वेटर काढला, धोतर वर खोचलं आणि ट्यूब पाण्यात ढकलली.

मी काय केलं ते मला नीट सांगितलं पाहिजे, कारण नंतर मी ते बायकोला नीट सांगितलं नाही. मी "मामा, नको" म्हणालो. दोनदा म्हणालो. "डॉक्टरांनी काय सांगितलंय?" असंही म्हणालो. पण हातात छडी होती आणि त्यांनी ती सैल सोडू नका म्हणून सांगितलं होतं, म्हणून मी ती सोडली नाही. माझ्यात आणि त्यांच्यात चार पावलांचं अंतर होतं. छडी टाकून मी त्यांना दंडाला धरू शकलो असतो. त्या चार पावलांमधली शेवटची दोन पाण्यात होती.

"आलोच," ते म्हणाले. "तंगूस धरून जातो आन तंगूस धरून येतो. चुकायचं काय हाय त्यात?"

ट्यूबवर पोट टेकवून, एका हातानं पाणी मारत आणि दुसऱ्या हातात तंगूस धरून ते निघाले. तंगूस त्यांच्या मुठीतून सरकत होता आणि त्याची थरथर माझ्या छडीत येत होती. मी मनात त्यांच्याबरोबर जात होतो. त्यांची पांढरी पाठ धुक्यावर तरंगल्यासारखी दिसत होती.

सूर्य वर आला की धुकं विरतं, अशी माझी समजूत होती. त्या दिवशी उन्हाचा पहिला पट्टा पाण्यावर पडला आणि धुकं उलट उठायला लागलं. हातभर होतं ते कमरेएवढं झालं, मग डोक्याच्या वर गेलं. मी बाभळींकडे बघत होतो. डावीकडची एक गेली. मग सगळ्या गेल्या. मामांची पाठ गेली. मागं वळून बघितलं तर दहा पावलांवर लावलेली गाडीसुद्धा नीट दिसेना.

"मामा!" मी हाक मारली.

"हाय की!" आवाज आला. चांगला खणखणीत. मला धीर आला. छडीतली थरथर चालू होती. मग ती थांबली. ते बाभळीपाशी पोहोचले असणार. पाण्याचा खळबळ आवाज झाला, मामा काहीतरी पुटपुटले, आणि माझ्या हातातली छडी एकदम सरळ झाली.

तंगूस सैल पडला होता. मी भराभर रीळ फिरवलं. तंगूस येत गेला, अगदी हलका, आणि शेवटी माझ्या पायाशी त्याचं खरवडलेलं टोक आलं. बाभळीच्या सालीला घासून तुटला होता. मासा गेला होता. आणि मामांना परत आणणारी वाटही गेली होती.

"मामा! तंगूस तुटला! इकडं या! माझ्या आवाजाकडं या!"

"कुटं हाय तुमी?"

"इकडं! इकडं!"

"कुटं?"

हा दुसरा 'कुटं' वेगळ्या बाजूनं आला. धुक्यात आवाजाचं काहीच खरं नसतं हे मला त्या दिवशी समजलं. तो आधी समोरून यायचा, मग उजवीकडून, मग असा की जणू ते माझ्या मागं रस्त्यावर उभे आहेत. मी ओरडत राहिलो. माझाही आवाज त्यांना असाच चारी बाजूंनी ऐकू येत असणार. एकदा त्यांनी "जावईबापू" अशी हाक मारली. ओरडून नव्हे, साधी, घरात पाणी मागताना मारतात तशी. त्यानंतर काही नाही.

मी हाका मारत होतो आणि थांबून ऐकत होतो. पाणी काठाला चुळूचुळू लागत होतं. एक पाणकोंबडी ओरडली आणि मी दचकलो. मी वाकून बूट काढले. मोजे काढले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. आणि पाण्यापाशी जाऊन उभा राहिलो. पाण्यानं माझ्या बोटांना स्पर्श केला आणि मी मागं सरलो. पुन्हा पुढं झालो. पुन्हा मागं.

तेवढ्यात मामांच्या पिशवीत फोन वाजायला लागला. बायको होती. ती रोज याच वेळेला त्यांच्या गोळीची आठवण करून द्यायची. फोन वाजून बंद झाला आणि लगेच माझ्या खिशातला वाजायला लागला. मी तो हातात घेतला. पडद्यावर तिचं नाव होतं. मी तो तसाच वाजू दिला. त्या दोन फोनांनी मला जेवढं घाबरवलं, तेवढं धुक्यानंही घाबरवलं नव्हतं. तो थांबला तेव्हा पोलिसांना फोन करावा असं सुचलं, पण फोन हातातून निसटून चिखलात पडला.

"काय झालं ओ? कशाला वरडताय?"

मागून एक बाई येत होती. चाळिशीची असेल. साडी कासोट्यासारखी मागं खोचलेली, वर पुरुषी शर्ट, डोक्याला टॉवेल, खांद्यावर जाळ्याचं ओझं. तिची नजर आधी थर्माकोलच्या तराफ्यावर गेली, मग रिकाम्या जागेवर.

"माझी ट्यूब कुटं हाय?"

मी हातानं तलावाकडं दाखवलं. "माझे सासरे... बाभळीकडं गेले. धुकं आलं. आता ओ देत नाहीत."

तिनं जाळं खाली टाकलं. "आवो दादा, त्या ट्यूबला भोक हाय! पंक्चर काढायला न्यायची म्हणून काठाला टाकलीया मी. हळूहळू हवा जाती तिची."

मला वाटतं मी काहीतरी बरळायला लागलो, त्यांचा स्टेंट, डॉक्टर, माझी बायको. तिनं माझा दंड धरून गदागदा हलवलं.

"वय किती?"

"बाहत्तर."

"पवता येतं त्यास्नी?"

"येतं. चांगलं येतं."

"आन तुमाला?"

"नाही."

तिनं एकदा माझ्या उघड्या पावलांकडं बघितलं. "गाडी तुमचीच न्हवं? हारन वाजवा. एकसारखा नगं. वाजवायचा, थांबायचं, ऐकायचं. आवाज एकाच जागंवरनं आला पायजे. तुमी काठानं पळत पळत वरडत हुता, म्हातारबाला कसं कळावं कुटं यायचं ते?"

ती म्हणाली तेव्हा मला कळलं, की मी खरोखरच काठानं इकडून तिकडं पळत होतो.

मी हॉर्न वाजवला. थांबलो. आम्ही दोघंही श्वास रोखून ऐकत होतो. काही नाही. पुन्हा वाजवला. चौथ्या वेळेला लांबून, डावीकडून, एक बारीक आवाज आला. शब्द नव्हता. कण्हल्यासारखा आवाज.

"बांधाच्या अंगाला हायेत," ती म्हणाली. "माझ्या जाळ्याची काठी रवलीया तितं. तिला धरलं आसंल." ती तोवर तराफा पाण्यात ढकलत होती. कमरेला नायलॉनचा दोर बांधून दुसरं टोक तिनं माझ्यापुढं केलं.

"ह्यो धरा आन बांधावरनं चालत या. पाण्याखाली बी बांध हाय. शेवटापत्तुर कमरंएवढंच पाणी. तितं हुबं ऱ्हायचं. मी हाक दिली की वढायचं. मला परत यायला दुसरी वाट न्हाय आज."

"मला पोहता येत नाही," मी पुन्हा म्हणालो.

"पवायला कोन सांगतंय? चाला."

ती निघून गेली. तराफा धुक्यात शिरला आणि दोर माझ्या हातातून सुटायला लागला. दोर संपण्याआधी मला बांधाच्या टोकाला पोहोचायचं होतं. विचार करायला वेळच उरला नाही, आणि ते बरंच झालं.

बांधाचे दगड आधी कोरडे होते, मग ओले, मग शेवाळाचे. पाणी घोट्याला लागलं. गुडघ्याला लागलं. थंडीनं पोटऱ्या वळत होत्या. दगड पायाखाली हलायचे आणि दर वेळेला मला कालव्यातला तो आवाज कानात सुरू होतोय असं वाटायचं. खाली बघितलं तर काळं पाणी, मागं बघितलं तर काठ नाही, पुढं बघितलं तर पांढरं. पाणी मांड्यांना लागलं तेव्हा मी थांबलो. हातातला दोर पुढं ओढ घेत होता. मी रडत होतो हे मला ओठांवर खारट लागलं तेव्हा कळलं. एक एक पाय पुढं सरकवत, दगड चाचपत, मी आणखी आठदहा पावलं गेलो. पाणी कमरेला आलं आणि पुढच्या पावलाला दगड लागला नाही. बांध तिथं संपला होता. मी पाय मागं घेतला आणि दोर मनगटाला दोन वेढे मारून तसाच उभा राहिलो.

किती वेळ, मला सांगता येणार नाही. ती बाई मधूनमधून "ओ म्हातारबा" अशी हाक मारत होती. मग ती थांबली. पाण्यात धपकन काहीतरी पडल्याचा आवाज झाला. दोराला झटका बसला आणि मी जवळजवळ तोंडावर आपटलो. मग तिचा आवाज आला, "वढा!"

मी ओढला. माझ्या अंगात जेवढी ताकद होती तेवढी लावून ओढला. मनगटाची कातडी सोलून निघत होती. आधी तराफ्याचं टोक दिसलं, मग तिचं डोकं. ती पाण्यात उतरून तराफा ढकलत होती. आणि तराफ्यावर आडवे, एक हात पाण्यात लोंबणारा, डोळे मिटलेले मामा.

मला वाटलं ते गेले. मी त्यांच्या तोंडाला हात लावला, ते दगडासारखं गार होतं. ओठ जांभळे होते. मग त्यांची हनुवटी हलली. दात वाजत होते. पहाटे गाडीवर मला ज्या आवाजाची काळजी वाटली होती, तोच आवाज आता ऐकून मी मोठ्यानं हसलो की ओरडलो, कोण जाणे.

काठावर तिनं मला एक मिनिट स्वस्थ बसू दिलं नाही. मामांचे ओले कपडे काढायला लावले, त्यांना कोरड्या स्वेटरात आणि जॅकेटात गुंडाळलं, स्वतःच्या डोक्याचा टॉवेल त्यांच्या छातीवर बांधला. वाळक्या बाभळीच्या काटक्या आणून जाळ केला. थर्मासमधला चहा तिनं चमच्यानं नव्हे, बोटानं त्यांच्या ओठांना लावला. पाच मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले आणि जाळाकडं बघत राहिले. नंतर त्यांनीच सांगितलं, ट्यूबमधली हवा गेली तेव्हा ते पोहत निघाले होते. कुठं ते त्यांनाच माहीत नव्हतं. जाळ्याची काठी हाताला लागली, तिला मिठी मारून ते राहिले होते. हाक मारायला छातीत वारा नव्हता.

"एकट्याच जाळं लावता तुम्ही?" मी तिला विचारलं. मला तिचे आभार मानायचे होते आणि तोंडातून हे आलं.

"मालक गेल्यापासनं एकलीच." ती जाळात काटकी सारत होती. "बुडून न्हाय, आजारानं गेले. पाण्याचं भ्या मला बी वाटतंच की. ते न वाटणारी माणसंच लवकर जात्यात." तिनं मामांकडं बघत हे म्हटलं, आणि मामांनी नजर खाली घातली.

तिनं रस्त्यावर जाऊन एक टेम्पो थांबवला. त्यातून मी मामांना दवाखान्यात नेलं. दोन दिवस ठेवून घेतलं, छातीत थोडा कफ झाला होता, बाकी हृदय ठीक होतं. बायको धावत आली. तिनं माझ्याकडं बघितलं, माझी ओली पँट, सोललेलं मनगट, अनवाणी पाय. बूट तलावावरच राहिले होते. मला वाटलं आता ती सगळं बोलणार. तिनं माझं मनगट हातात घेतलं आणि नर्सला हाक मारून मलम आणायला सांगितलं. मी तिला एवढंच सांगितलं, की मी नको म्हणत होतो पण त्यांनी ऐकलं नाही. ते खोटं नव्हतं.

दुसऱ्या रविवारी मी एकटा तलावावर गेलो, तिला नवी ट्यूब द्यायला. धुकं नव्हतं, लख्ख ऊन होतं. बाभळी इतक्या जवळ दिसत होत्या की मला ते खरं वाटेना. तिनं ट्यूब दाबून बघितली, बरी हाय म्हणाली आणि कामाला लागली. मी बांधाजवळ गेलो. पाण्याच्या चार हात अलीकडं माझे पाय आपोआप थांबले.

मामा घरी आल्यावर त्यांनी मासेमारीचं नाव काढलं नाही. छडी गॅलरीत कोपऱ्यात उभी होती. एका संध्याकाळी मी त्यांच्याजवळ बसलो होतो. बायको खाली भाजी आणायला गेली होती. ते रस्त्याकडं बघत म्हणाले, "जावईबापू, त्या काठीला धरून हुतो न्हवं, तवा लई भ्या वाटलं मला. जन्मात असं वाटलं न्हवतं. अंधार आसता तर कळलं आसतं. पर सगळं पांढरं. वर कुटं आन खाली कुटं तेच समजंना."

मी त्यांच्या खांद्यावरची घसरलेली शाल सारखी केली.

"मग तराफ्यावर तुमचा हात तोंडाला लागला, डोळं किलकिलं केलं तर तुमी पाण्यात हुबं. मी म्हनलं, ह्यांना पवता येत न्हाय आन हे आल्यात." ते माझ्याकडं वळले. "सख्ख्या लेकानं केलं नसतं."

मला त्यांना सांगायचं होतं, की मी आलो नव्हतो, मला पाठवलं होतं. ती बाई आली नसती तर मी काठावरच पुढं मागं करत राहिलो असतो, आणि त्यांचा आवाज बंद झाल्यावरही तसाच राहिलो असतो. हे मला पक्कं माहीत आहे. धुक्याची, पाण्याची भीती हळूहळू कमी झाली, पण ही गोष्ट मला अजूनही कधीकधी दुपारी ऑफिसात फाईल उघडताना एकदम आठवते आणि फाईल तशीच उघडी राहते.

मी तोंड उघडलं होतं. पण त्यांनी माझ्या मनगटावरच्या खपलीवर अंगठा ठेवला आणि तो हलकेच फिरवत राहिले, आणि खाली जिन्यावर बायकोच्या चपलांचा आवाज आला. मी म्हणालो, "मामा, तुमची गोळी घ्यायची राहिलीय." ते म्हणाले, "व्हय की," आणि मी पाणी आणायला उठलो.